भिंगाचा दोष

"डावीकडच्या फोटोत कडेचा माणूस वाया गेलाय. तोंड ओढलं गेलंय बघा त्याचं. भिंगाचा दोष," ती म्हणाली आणि उजवीकडच्या फोटोसाठी तिने हात वर केला. तिचा हात वर गेला म्हटल्यावर बाकीच्यांचेही गेले, कारण चेहऱ्यांच्या बाबतीत त्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. पडद्यावरची जोडी गेली, पुढची आली, मंडळी पुन्हा डोळे बारीक करून बसली, आणि तेवढ्यात तिला आधीच्या फोटोतला तो हात आठवला. त्या कडेच्या माणसाने स्वतःचा डावा हात उजव्या हातात धरला होता. गर्दीत कोणी आपलं मूल आपल्याकडे सोपवून जावं आणि आपण त्याचा हात धरून उभं राहावं, तसा. हात असा धरणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, आणि तो त्या सकाळीच ‘ठमे, डबा राहिला’ म्हणत जिन्यापर्यंत आला होता. ते तिचे बाबा होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

"आधीची जोडी परत लावा जरा," ती म्हणाली.

"एकदा गेलेली जोडी परत नाही," कप्तान हसून म्हणाला. "नियम कोणाचा? तुझाच." सगळे हसले. तीही हसली, कारण नियम खरंच तिचा होता.

त्या कंपनीत फोन बनत. तसलेच फोन बनवणारी दुसरी एक कंपनी होती, पण तिचं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. तिला सगळे जाऊबाई म्हणत. नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, पण ते इतकं चपखल बसलं होतं की कप्तान, म्हणजे कॅमेरा विभागाचा प्रमुख, एकदा थेट मालकांसमोर ‘जाऊबाईंनी किंमत उतरवलीय’ असं बोलून गेला होता आणि मालकांनाही ते लगेच कळलं होतं. जाऊबाई कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. त्यांनी डब्यातून चार्जर काढला की इकडचे जाहिरातीत टिंगल करत, आणि पुढच्या वर्षी इकडचाही चार्जर गुपचूप नाहीसा होई. इकडचा फोन केसभर पातळ झाला की तिकडचा दोन केस पातळ होई, आणि दोन्हीकडची बॅटरी दुपारीच माना टाकी. फोनच्या बातम्या देणारी मंडळी या भांडणावर पोट भरत. दोन्ही फोनांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी मांडायचे, पापणीच्या केसापर्यंत मोठे करायचे आणि निकाल द्यायचा. दात घासायच्या आधी ती या बातम्या वाचत असे. गेले काही दिवस त्यात एकच घोळ चालू होता: जाऊबाईंच्या नव्या फोनात चेहरा नीट करणारा कॅमेरा येणार म्हणे. पुढे प्रश्नचिन्ह होतं, पण अशा बातम्यांतली प्रश्नचिन्हं शोभेचीच असतात. म्हणून तर इकडे घाई. जाऊबाई रंगमंचावर चढायच्या आत यांना चढायचं होतं, आणि यांच्याकडेही तीच वस्तू तयार होती. तिचं अधिकृत नाव काहीतरी भारदस्त होतं. विभागात तिला इस्त्री म्हणत.

आणि इस्त्री हे तिचंच बाळ होतं. रुंद भिंगाने घोळक्याचा फोटो काढला की कडेची माणसं ताणली जातात. घरोघरच्या आत्या आणि मावश्या नेमक्या कडेला उभ्या राहतात आणि मग ‘मी एवढी कुठे जाड आहे गं’ म्हणून फोटो काढणाऱ्याशी अबोला धरतात. हे सुधारलं पाहिजे, असं तीच पहिल्यांदा म्हणाली होती. मग लाखो चेहरे दाखवून सॉफ्टवेअरला शिकवलं, की सरळ चेहरा असा असतो, डोळे असे, ओठांची दोन्ही टोकं अशी. याहून वेगळं काही दिसलं तर ते भिंगाने केलंय असं समज आणि दुरुस्त कर. ते गुणी विद्यार्थ्यासारखं शिकलं. चाचणीला माणसं कमी पडली तेव्हा विभागात नेहमीची हाळी झाली, ‘चेहरे आणा’; म्हणजे ज्याने त्याने आपापली म्हातारी-कोतारी माणसं, सासवा, काका, शेजारी घेऊन यायचं. त्यांना इमारतीच्या पायऱ्यांवर उभं करून दोन्ही फोनांनी फोटो काढायचे, आणि मग ते फोटो नावं झाकून, क्षणभर दाखवून, हात वर करून मतं घ्यायची. या प्रकाराला ‘झाकली मूठ’ म्हणत. क्षणभरच दाखवायचे, कारण दुकानातलं गिऱ्हाईक तेवढंच बघतं. आणि तिने नव्या माणसांकडून घोकून घेतलेला एक नियम होता: माणूस बघायचा नाही, फोटो बघायचा. बाबांना तीच घेऊन आली होती. शर्टाची कॉलर ताठ करून ते पायऱ्यांवर उभे राहिले होते आणि कॅमेरावाल्याला म्हणाले होते, "मला कडेला ठेवा बुवा. गाडी कडेलाच बरी." आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. ते ऐकून सगळे हसले होते, आणि नंतर कामाच्या रगाड्यात ती ते विसरून गेली होती.

‘झाकली मूठ’ उघडली. प्रत्येक जोडीत यांचा फोटो जिंकला होता, कडेच्या माणसाच्या जोडीत तर एकमताने. टाळ्या झाल्या, कोणीतरी टेबल बडवलं. आता तिने ‘हो’ म्हटलं की इस्त्री नव्या फोनात जाणार, आणि जाणार ती कायमची सुरू, बंद करायची सोय न ठेवता. बंद करायचं बटण दिलं की लोक शंका घेतात, असं जाहिरात विभागाचं म्हणणं होतं. माणसांच्या फोटोंची जबाबदारी तिची, म्हणून शेवटचा ‘हो’ तिचा. ती आपल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि ती जोडी उघडली.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिने स्वतःपासूनही लपवलं नाही. उजवीकडच्या फोटोत बाबा परत आले होते. गाडीच्या डाव्या सीटवर बसून ‘क्लच, बाई, क्लच!’ असं ओरडणारे, ओरडताना हसणारे, तोंडात लवंग धरून शीळ घालणारे बाबा. अर्धांगवायूचा झटका आला त्या दिवसापासून ते बाबा घरात नव्हते, आणि त्यांच्या जागी जे आले त्यांच्यावर ती माया करत होती, पथ्य सांभाळत होती, गोळ्या देत होती. पण ते निघून गेलेल्या माणसाचं घर सांभाळावं तसं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या जेवणाला ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली. तिथून ते पूर्वीसारखे दिसत. त्यानंतर रोज तिथेच बसत गेली. घरात कोणी काही बोललं नाही. आई समोर बसे आणि त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळणारं वरण बोलता बोलता पदराने टिपून घेई, जसं काही ते ताटाभोवतीचंच काम आहे. ‘तोंड वाकडं करू नकोस’ हे आईचं पेटंट वाक्य, लहानपणी दुधाच्या पेल्यासमोर ऐकलेलं, आता त्या घरात कोणीही उच्चारत नसे. एकदा आईच्या तोंडून भाजीवाल्याबद्दल बोलताना ते निसटलं, तेव्हा बाबाच म्हणाले, "अगं, बोल की. माझ्या नावावर नाही केलेलं ते अजून." आई उठून आत गेली होती आणि नळ सोडून उभी राहिली होती.

म्हणजे सॉफ्टवेअरने वेगळं काही केलं नव्हतं. ते तिच्याच बाजूला बसलं होतं. उजव्या गालाची सुरकुती उचलून त्याने उलटी करून डाव्या गालावर ठेवली होती, डावी पापणी वर घेतली होती, ओठ समपातळीत आणले होते. काम सफाईदार होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर तिने शाबासकी दिली असती. खिडकीबाहेर, खालच्या पायऱ्यांवर दोघंजण एका फोनात बघत मान वाकडी करून हसत होते. ज्या पायऱ्यांवर बाबा उभे होते त्याच. तिथे उभ्या माणसाला तिने भरल्या खोलीत ‘वाया गेलाय’ म्हटलं होतं आणि पंधरावीस शहाण्या माणसांनी तिच्यामागोमाग हात वर केले होते. एकालाही शंका आली नाही की तोंड माणसाचंही असं असू शकतं. आणि त्यांना का यावी? तिला स्वतःला आली नव्हती, जिने त्या तोंडाचा मुका घेऊन त्या सकाळी घर सोडलं होतं. उजव्या गालाचा.

मग सवयीने तिने डावीकडचा फोटो मोठा केला. हा जाऊबाईंच्या जुन्या फोनाने काढलेला, म्हणून बिनइस्त्रीचा. ओठांच्या कडा तपासायच्या तर जितका मोठा करतात तितका केला, आणि तिचा हात थांबला. बाबांच्या ओठाचं डावं टोक वर होतं. फार नाही. नखाच्या पांढऱ्या कडेएवढं. पण ते खाली लोंबत नव्हतं. त्याच्या बाजूला एक बारीक खळी पडली होती, आणि खळी आपोआप पडत नाही, तिला आतून स्नायूने ओढावं लागतं. झटक्यापासून ते टोक कधी हललं नव्हतं. रोज सकाळी बाबा न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहत, गाल फुगवत, ‘पपई, बोबडी, पोपट’ म्हणत, हवा डावीकडून फुस्कन निघून जाई, आणि बाहेर आपली वेळ होईपर्यंत ताटकळणारी ती दारावर टकटक करून म्हणे, "बाबा, आटपा, मला उशीर होतोय." तर त्या आरशासमोरच्या खटाटोपाला फळ आलं होतं. ऑफिसच्या पायऱ्यांवर, मुलीच्या लोकांसमोर, बाबांनी जीव गोळा करून दोन्ही बाजूंनी हसायचा प्रयत्न केला होता आणि तो थोडासा साधला होता. तिने उजवीकडच्या फोटोत तीच जागा मोठी केली. तिथे ती खळी नव्हती. गुळगुळीत, ऐटबाज, कोणाच्याही तोंडावर शोभेल असं हसू होतं. इस्त्रीने बाबांचं दुखणं पुसलं नव्हतं. मेहनत पुसली होती.

तिथेच तिचं ठरलं. तिला रडू आलं, तेही तिने येऊ दिलं, पण ठरलं ते रडण्याच्या आधी. तोंड धुऊन ती कप्तानकडे गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "माझा ‘हो’ नाही."

कप्तानने दोन्ही फोटो पाहिले. कोण आहे ते तिने सांगितलं, तेव्हा त्याने चष्मा काढला. तो काही खलनायक नव्हता. त्याच्या घरीही म्हातारी माणसं होती. "बस आधी," तो म्हणाला. "वाईट वाटलं मला. खरंच. पण हे हजारात एकाच्या बाबतीत होईल."

"तो एक कडेला उभा असेल, आणि त्याला कोणी विचारणार नाही."

"मग काय, जाऊबाईंचा फोटो चांगला म्हणायचा?"

"चांगला नाही. खरा आहे."

"अगं, खरा फोटो कोणाला पाहिजे असतो? लग्नात कोणाला पाहिजे असतो?" कप्तान वैतागला. "त्या लोकांनी आधी आणलं तर बातम्यांत आपली काय अब्रू राहील? वर्षभराचं काम आहे. तुझंच काम आहे."

"म्हणून तर सांगतेय. भिंगाने वाकवलेलं आणि माणसाचं स्वतःचं, यात फरक करायला त्याला शिकवावं लागेल. मी शिकवते. वेळ द्या. तोवर इस्त्री बंद."

"वेळ जाऊबाईंकडे माग." मग आवाज खाली आणून त्याने तिच्या वर्मावर बोट ठेवलं. "आणि समजा, तुझ्या बाबांनाच तो सरळ फोटो आवडला तर? विचारलंस त्यांना? की त्यांच्या वतीने तूच ठरवणार? आज घरी जा. उद्या सकाळी मी फोन करीन. ‘हो’ असेल तर उत्तम. ‘नाही’ असेल तर कारण दे. मालकांना ‘मला वाटलं’ हे कारण चालत नाही. आणि ‘नाही’नंतर तुझी खुर्ची राहील याची हमी मी देऊ शकत नाही, हेही आत्ताच सांगतो."

खुर्चीचं तिला वाटलं, वाटणारच. पण घरी जाताना डोक्यात घोळत राहिलं ते दुसरंच. बाबांना आवडला तर? रस्त्यात प्रत्येक जण फोनकडे बघत चालला होता, आणि त्या प्रत्येक फोनात कोणाकोणाचे तरी चेहरे होते. कोणाला काय पुसून हवं हे ठरवणारी ती कोण? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आपण बाबांच्या बाजूने भांडतोय की आपल्याला आज लाज वाटली म्हणून भांडतोय, हेही तिने स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं, दोन्ही. ठीक आहे, दोन्ही तर दोन्ही. लाजेने केलं म्हणून काम खोटं ठरत नाही. तिची चाल मंदावली नाही. बाबांना आवडला तर आवडला. त्यांचा तो फोटो त्यांना ती देईल. पण न विचारता कोणाचं तोंड सरळ करायचं नाही. जिना चढताना एवढं तिच्या मनात स्वच्छ होतं.

घरी दोघं खिडकीशी बसली होती. तिने काही न सांगता सरळ फोटो आधी आईला दाखवला. आईने फोन हातात घेतला आणि तिचा चेहरा असा उजळला की ठमीला तिकडे बघवेना.

"अगं बाई," आई म्हणाली. "हे हेच आहेत. हे असेच आहेत." तिने बोटाने पडद्यावरचा गाल पुसला. "केवढा छान आलाय! हा मोठा करून आण मला. समोरच्या भिंतीवर लावू."

बाबांनी हात पुढे केला. फोन घेऊन त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग तिने दुसरा फोटो काढून दिला, तोही त्यांनी तसाच पाहिला. पुन्हा पहिल्यावर आले.

"बाबा," ती म्हणाली, "आज हा फोटो समोर आला आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. भिंगाचा दोष म्हणाले मी तुम्हाला. डावीकडे ही खळी पडलीय, तीसुद्धा मग दिसली."

"मग त्यात काय," बाबा म्हणाले. त्यांचे ‘प’ आणि ‘ब’ अजून ओले येत, म्हणून ते सावकाश बोलत. "मी तरी कुठे ओळखतो? दाढी करताना रोज नव्याने ओळख करून घ्यावी लागते. नमस्कार, म्हणतो, आपण कोण?" ते हसले. आणि सरळ फोटो आईकडे परत देत म्हणाले, "छान आहे हा. जपून ठेव. मी गेलो की भिंतीवर हाच लाव. तोवर मी बसलोय ना इथे."

"काय मेलं बोलता!" आई कडाडली. "दिवेलागणीची वेळ आणि काय बोलायचं याला काही धरबंध आहे की नाही?" पण फोन तिने मांडीवर उपडा ठेवला, आणि जरा वेळाने बाबांच्या हनुवटीला हात लावून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. "बघू," ती म्हणाली. "ठमी म्हणते इथे खळी पडते म्हणून. हसा बरं." बाबांनी प्रयत्न केला. उजवी बाजू झटकन गेली आणि थांबून राहिली. डावी बाजू कापली, थांबली, पुन्हा कापली. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली. त्या वेळी त्या तिघांना जगात दुसरं काही काम नव्हतं.

सकाळी फोन वाजला. कप्तान.

"बोल."

"नाही," ती म्हणाली.

पलीकडून सुस्कारा आला. "बाबांना आवडला नाही?"

"आवडला. जपून ठेवायला सांगितलाय."

"मग? आवडला म्हणतेस आणि तरी नाही?"

"तरी नाही. आणि खुर्चीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी आज नेहमीच्या वेळेला येतेय. फरक करायला शिकवायचं काम आजच सुरू करणार आहे. खुर्ची नसेल तर उभ्याने करीन."

"तू ना..." कप्तान म्हणाला आणि थांबला. त्याच्या आवाजात राग होता, पण तो ओढूनताणून आणलेला. "बरं. नाही तर नाही. समोर मालकांना पाठवायचं पान उघडं आहे. कारण काय लिहू?"

"लिहा," ती म्हणाली, "माणूस जिवंत आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

पलीकडे कळफलकाचा आवाज सुरू झाला, आणि तो थांबेपर्यंत तिने फोन कानाला लावून ठेवला.